लॅपटॉपवाले लाँग-स्टे पाहुणे आणि आपला जांबोटी-कणकुंबी पट्टा: पैसा नक्की कुणाच्या खिशात जातो?

जांबोटकर
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

जांबोटीच्या पुढं, बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या चोर्ल्याच्या रस्त्यावरून थोडं आत आमचं जुनं घर आहे. मंगळुरी कौलं, जांभ्याच्या भिंती, मागं न्हाणी. मी बेळगावात टिळकवाडीला असतो, आई गावाकडंच. दोन खोल्या रिकाम्या पडल्यात, एकीत भाताची पोती, दुसरीत माझ्या लग्नातली कपाटं. पुतण्या बंगळूरच्या कंपनीचं काम घरून करतो. तो मागं लागलाय, "काका, दोन्ही खोल्या नीट करूया. गोव्यात घरभाडी परवडेनाशी झालीत, तिथले लॅपटॉपवाले घाट चढून वर येतील. उद्या सरकारनं परदेशी लोकांना लाँग-स्टे व्हिसा दिला तर बघायलाच नको."

पोर्तुगाल, स्पेन, थायलंड, दुबई, सगळीकडं असले व्हिसे आहेत म्हणे. पगार तिकडचा, राहणं इकडं. गोव्यातही असा व्हिसा हवा ही चर्चा अधूनमधून कानावर येते. पुतण्याचं म्हणणं, बाहेरचा पैसा गावात येणार, यात वाईट काय?

मला दोन शंका आहेत. एक, हा पैसा गावात येतो की फक्त घरमालकाच्या खात्यात? आणि दोन, आमच्या शाळेतल्या बाई जांबोटीत भाड्यानं राहतात, त्यांचं भाडं आमच्यासारख्यांमुळं वाढणार का? तिकडं राहिलेल्या, पाहिलेल्या लोकांनी लिहावं.

तिसरं_गेट
आपण सीमाभागातले लोक १९५६ पासून लाँग-स्टे व्हिसावरच आहोत की ओ. २००४ पासून रिन्यूअलची फाईल सुप्रीम कोर्टात आहे.

कुंदा_बिंदा
तिसरं_गेट 😂😂 धागा इथंच संपला.

संपादक मंडळ
सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, ८०० प्रतिसाद झालेत. कृपया इथं विषयावर लिहा. (वरचा विनोद राहू देतो, आम्हालाही आवडला.)

लिस्बनची_सून
जांबोटकर, तुमच्या दुसऱ्या शंकेवर मी लिहू शकते. माहेर शहापूर, सासर मडगाव, आणि गेली नऊ वर्षं आम्ही लिस्बनच्या बाहेर अमादोराला राहतो. माझे सासरे १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्यामुळे नवऱ्याला पोर्तुगीज नागरिकत्व मिळालं. म्हणजे आम्ही व्हिसावाले नाही, पण व्हिसावाल्यांच्या शेजारचे.

इथला डिजिटल नोमॅड व्हिसा, ज्याला सगळे डी-८ म्हणतात, २०२२ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाला. अट काय, तर महिन्याची कमाई इथल्या किमान वेतनाच्या चौपट हवी. २०२५ साली किमान वेतन ८७० युरो होतं, म्हणजे ३,४८० युरो. आता बघा, माझ्या खालच्या मजल्यावर राहणारी बाई हॉटेलात खोल्या साफ करते. तिची कमाई किमान वेतनाच्या आसपास. घर शोधायला ती आणि तो चौपटवाला एकाच दारात उभे. घरमालक कुणाला किल्ली देईल? भाडं का वाढलं याला मोठा अभ्यास लागत नाही, व्हिसाच्या अटीतच उत्तर लिहिलंय.

पण सगळा दोष ह्या एका व्हिसाचा नाही. २०१२ पासून गोल्डन व्हिसा होता, घर विकत घ्या आणि रहिवास मिळवा. घराचा तो मार्ग २०२३ मध्ये बंद केला. २००९ पासून नव्यानं येणाऱ्यांना करसवलत होती, ठरावीक कामांच्या कमाईवर सरळ २० टक्के. इथली नर्स, इथला मास्तर चढत्या दरानं कर भरणार आणि त्याच जिन्यावरचा पाहुणा २० टक्के. लोकांना भाड्याइतकाच हा भेदभाव झोंबला. तीही सवलत २०२४ पासून नव्या लोकांना बंद झाली. शिवाय टुरिस्टांना रोजानं दिलेली घरं वेगळीच.

आमच्या कोपऱ्यावर एक जुनी पाव-बेकरी होती. उभ्या उभ्या छोटी कॉफी प्यायची, एक युरोच्या आत. ती बंद होऊन तिथं आता अव्होकाडो लावलेला पाव मिळतो. किंमत सांगत नाही, शहापूरच्या लोकांना चक्कर येईल.

पुणेरी_पाहुणा
पण सूनबाई, त्या नव्या दुकानात नोकऱ्याही लागल्या असतील ना? तुम्ही फक्त एक बाजू लिहिताय.

लिस्बनची_सून
लिहिते की दुसरी बाजूही. मी एका हिशेबनिसाच्या ऑफिसात काम करते. आमचं निम्मं गिऱ्हाईक हेच लोक. कुणाला टॅक्स नंबर काढून हवा असतो, कुणाला भाडेकरार समजावून. ते आले नसते तर मला ही नोकरी लागली नसती. माझा पगार त्यांच्यामुळं वाढला आणि माझं भाडंही त्यांच्यामुळंच. दोन्हीची वजाबाकी केली तेव्हा भाडं जिंकलं, एवढंच.

दुबईरिटर्न_निपाणी
आम्ही चौदा वर्षं दुबईत काढली. तिथं दहातले जवळपास नऊ लोक बाहेरचेच, मग स्थानिकांना त्रास कुठला? जमीन, लायसन, बरंचसं त्यांच्याच हातात. भाडं वाढलं की ते आणखी खूश. रडतो कोण, तर आमच्यासारखा आधी आलेला बाहेरचा.

एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. तिथं पगारावर इन्कम टॅक्स नाही म्हणून सगळे नाचतात. पण लाईट-पाण्याच्या बिलात वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के म्युनिसिपालिटीची फी हळूच येते, महिन्या-महिन्याला वाटून. २०१८ पासून ५ टक्के व्हॅट. रिमोटवाल्यांचा एक वर्षाचा व्हिसा आहे त्यालाही फी, विमा, आणि महिना ३,५०० डॉलर कमाईची अट. म्हणजे कर नाही म्हणत म्हणत शहर आपला वाटा काढून घेतं. जांबोटीची ग्रामपंचायत काय काढणार? वर्षाची घरपट्टी. तीसुद्धा निम्मे लोक मार्चमध्ये दवंडी पिटल्यावर भरतात.

जांबोटकर
आम्ही वेळेवर भरतो ओ 🙂

पहाटेचा_दलाल
मी भाजी मार्केटातला माणूस. तुमची चर्चा लई वर चाललीय, जरा खाली या.

गोव्याला लाँग-स्टेवाले आले की पैसा बेळगावात आधीपासून येतोय. गोव्याची भाजी कुठनं जाते? आपल्याकडनं. पहाटेच्या गाड्या भरल्या की सकाळी म्हापसा-मडगावात. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, मिरची, बटाटा पाठवत होतो. मग तिकडची हॉटेलं विचारायला लागली, लेट्यूस हाय काय, झुकिनी हाय काय, ब्रोकोली हाय काय. कडोलीतल्या एका पोरानं दहा गुंठ्यांत लेट्यूस लावलं. पहिल्या वर्षी कोबीच्या तिप्पट भाव. दुसऱ्या वर्षी गावातल्या आठ जणांनी लावलं. एप्रिल संपला, गोऱ्या लोकांचा सीझन संपला, फोन बंद. मे महिन्यात त्यानं माझ्यासमोर चाळीस किलो लेट्यूस म्हशीपुढं टाकलं. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

तर सांगायचं म्हणजे, पैसा येतो. पण फोन कधी बंद होईल सांगता येत नाही. तुमच्यात ते बारा महिने राहणारे लोक येणार असतील तर माझ्या धंद्याला ते टुरिस्टापेक्षा बरे. महिनाभर राहणारा माणूस घरी शिजवतो, भाजी विकत घेतो. चार दिवसांचा आला की बिअर आणि मासळी.

कुंदा_बिंदा
म्हशीला सोबत ऑलिव्ह ऑईल दिलं नसेल.

म्हापशातला_खानापूरकर
वरचं सगळं वाचलं. मी गाव सोडून म्हापशात ड्रायव्हर आहे, बायको शिवोलीला दोन बंगल्यांत स्वैपाकाला जाते. कोविडानंतर दिल्ली-मुंबईचे लॅपटॉपवाले आले ते गेलेच नाहीत. त्यांना व्हिसा कुठं लागतो? आपलेच. पण खोलीचं भाडं बघा. २०१९ ला मी ५,५०० देत होतो, एक खोली, बाहेर नळ. आता त्याच खोलीला ९,०००. नळ अजून बाहेरच.

बायकोचा पगार वाढला हे खरं. बंगल्यातले लोक वेळेवर देतात, वर दिवाळीला देतात. पण वाढलेलं सगळं खोलीवाल्याच्या घशात. आता आम्ही डिचोलीकडं लांब जागा बघालाव, म्हणजे वाचलेलं भाडं पेट्रोलला. लिस्बनच्या ताईंनी जी खालच्या मजल्यावरची बाई सांगितली, ती आमच्यात माझी बायको.

व्हिसाचं नाव कशाला घेताय, पैसेवाला माणूस कुठल्या पासपोर्टावर आला याला काय अर्थ नाही.

सीए_हिंदवाडी
चर्चा छान चालली आहे. दोन-तीन तांत्रिक गोष्टी.

पहिली, भारतात असा व्हिसा आज नाही. लोक टुरिस्ट व्हिसावर येतात, लॅपटॉप उघडतात आणि सगळेच डोळेझाक करतात. टुरिस्ट व्हिसावर काम करायची परवानगी नसते. त्यामुळे "उद्या" म्हणताना तो उद्या सरकारच्या हातात आहे हे लक्षात ठेवा.

दुसरी, कर. सर्वसाधारण नियम असा की आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त राहिलात तर तुम्ही इथले रहिवासी. पण रहिवासी नसलात तरी इथं बसून केलेल्या कामाचा पगार हा भारतात उपजलेला पगार समजतात, देणारी कंपनी कुठलीही असो. थोड्या मुक्कामाला सूट आहे, आणि बऱ्याच देशांशी झालेल्या करारात १८३ दिवसांची मर्यादा येते. प्रत्यक्षात तीन महिने जांबोटीत बसलेल्या माणसाकडून सरकारला थेट कर जवळपास शून्य. जे मिळेल ते जीएसटीतून, म्हणजे त्यानं विकत घेतलेल्या बिस्किटातून.

बार्बाडोसनं २०२० च्या जुलैत हाच विचार केला होता. टुरिस्ट बंद, हॉटेलं ओस. त्यांनी वर्षाचा व्हिसा काढला, एकट्याला २,००० डॉलर फी, कुटुंबाला ३,०००, कमाई वर्षाला ५०,००० डॉलरच्या वर हवी, आणि कमाईवर तिथला कर नाही. फी हातात आली, बाकी खर्चातून मिळवू असा हिशोब. त्यांच्यासारख्या बेटाला ते जमतं कारण फीच मोठी रक्कम होते. आपल्या जिल्ह्याला फी मिळणारच नाही, ती दिल्लीला जाणार.

तिसरी, जांबोटकर, परदेशी पाहुणा ठेवलात तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाईन कळवायची असते. हे विसरू नका. पुतण्याला सांगा.

रताळं
दिल्लीला फी, बंगळूरला जीएसटी, गोव्याला टुरिस्ट, आणि आम्हाला काय? पाऊस.

आमगावचा_पाऊस
माझं नाव घेतलं म्हणून आलो. जांबोटकर, मी हे करून बसलोय, त्यामुळे थिअरी नको, हिशोब घ्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं एक फ्रेंच जोडपं एकवीस दिवस राहिलं. दिवसाला १,८०० रुपये, जेवणासहित. एकूण ३७,८००. बुकिंग ज्या साईटवरून आलं त्यांनी १५ टक्के कापले, ५,६७०. स्वैपाकाला आणि साफसफाईला गावातल्या वहिनी, दिवसाला ३००, म्हणजे ६,३००. दूध, भाजी, किराणा, गॅस धरून ६,०००. आता मजा बघा, तिसऱ्याच दिवशी लाईट गेली ती दीड दिवस आली नाही. त्या माणसाची मीटिंग होती. तो छत्री घेऊन टेकडीवर रेंज शोधत हिंडत होता, मागं आमचा कुत्रा. मी बेळगावला जाऊन इन्व्हर्टर आणि बॅटरी आणली, १८,५००. राहिले किती? १,३३०.

इन्व्हर्टर राहिला म्हणा घरात. आता पोरं त्यावर अभ्यास करतात.

पण जांबोटकरांच्या पहिल्या शंकेचं उत्तर ह्या हिशोबातच आहे. ३७,८०० पैकी गावात थांबले ते वहिनींचे ६,३०० आणि दूध-भाजीतले फार तर अडीच हजार. किराणा खानापूरचा, बॅटरी बेळगावची, कमिशन कुठल्या देशात गेलं देव जाणे. आणि हो, त्या वहिनींना त्याआधी रोज एवढे पैसे एकवीस दिवस सलग कधीच मिळाले नव्हते. त्यातनं त्यांनी शिवणयंत्र घेतलं. हे मी हिशोबात कुठं लिहू ते मला कळत नाही.

पुणेरी_पाहुणा
कमिशन वाचवायचं असेल तर थेट बुकिंग घ्या. एवढं सोपं आहे.

आमगावचा_पाऊस
घेतो की. फ्रान्समध्ये आमची गल्ली कुणाला माहीत आहे ते तेवढं सांगा.

नेहरूनगर_मावशी
लाँग-स्टे परदेशी बघायला लिस्बनला कशाला जायचं, आमच्या नेहरूनगरात या की. २०१० पासून केएलई शिक्षणसंस्थेच्या आवारात मलेशियाच्या विद्यापीठाचा डॉक्टरकीचा अभ्यासक्रम आहे. ती पोरं-पोरी चार-पाच वर्षं इथं राहतात. स्टुडंट व्हिसा म्हणा, पण पैसा बाहेरचाच आणि मुक्काम टुरिस्टाच्या शंभरपट.

माझा वरचा मजला त्यांना दिला होता. पोरी एकदम शिस्तीच्या. चपला बाहेर ओळीत. पहिल्या वर्षी त्यांना आमचं तिखट तिखट वाटेना. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं त्यांचे नूडल्स आणि मिरचीचा तो लाल ठेचा मागवायला सुरुवात केली. आता माझा नातू तोच ठेचा भाकरीला लावून खातो. रिक्षावाल्यांनी इंग्रजी आकडे पाठ केले. झेरॉक्सवाला, मेसवाली, धोबी, सगळ्यांचं चाललं.

आणि मग कोविड. एका आठवड्यात सगळ्या गेल्या. वरचा मजला सव्वा वर्ष रिकामा. कर्ज काढून बाथरूम केलेलं, हप्ता चालू. मेसवाल्या बाई परत शेंगदाणा लाडू विकायला लागल्या. म्हणून पहाटेच्या दलालाचं पटतं, फोन कधी बंद होईल सांगता येत नाही.

तरी एक फरक सांगते. मलेशियाच्या पोरी आल्या म्हणून इथल्या नोकरदाराला घर मिळेना, असं मी तरी बघितलं नाही. ती पोरं आली तशी घरंही बांधली गेली. लिस्बनमध्ये नवं बांधायला जागा नसेल.

लिस्बनची_सून
मावशी, अगदी बरोबर. जुनं शहर, टेकड्या, आणि बांधायला लागणारी वर्षं. पाहुणा सहा महिन्यांत येतो, इमारत सहा वर्षांत. (मावशी, तुम्ही सदाशिवनगरच्या बाजूला राहता का? माझी मामी तिकडंच.)

नेहरूनगर_मावशी
मामीचं आडनाव व्यक्तिगत निरोपात (व्यनि) कळव गं.

वडगावचा_माग
सगळे घरमालकच लिहालेत इथं. आमच्या वडगावात यंत्रमाग बंद पडालेत, साड्यांना उठाव नाही, पोरं उद्यमबागेत फौंड्रीत जातात नाहीतर गोव्याला हॉटेलात. परदेशी आले काय, गेले काय, आमच्या मागावर एक पिक, म्हणजे आडवा धागा, तरी जास्त पडणार का?

कुंदा_बिंदा
लॅपटॉपवालीला इरकल नेसवा.

वडगावचा_माग
नेसवली असती. पण ती म्हणणार, स्लीव्हलेस टॉप होईल का याचा.

जांबोटकर
वडगावचा_माग, तुमचा टोला बरोबर बसला. मी स्वतःही घरमालकाच्याच बाजूनं विचार करत होतो.

वकीलसाहेब_खानापूर
एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही. खरा खेळ भाड्याचा नाही, जमिनीचा आहे.

कर्नाटकात २०२० साली भूसुधारणा कायदा बदलला. कलम ७९ अ आणि ब गेली. आधी शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नव्हती, आता येते. तिकडं पलीकडं चंदगडात महाराष्ट्राचा कायदा, शेतकरी असल्याचा दाखला लागतोच. म्हणजे एकाच डोंगराच्या एका उतारावर बंगळूरचा, गोव्याचा, पुण्याचा माणूस सरळ खरेदी करू शकतो आणि दुसऱ्या उतारावर नाही. माझ्याकडं आठवड्याला दोन तरी फोन येतात, "वकीलसाहेब, जांबोटी साईडला दोन एकर, झरा असेल तर उत्तम."

परदेशी माणसाचं म्हणाल तर तो पर्यटक म्हणून येऊन इथं जमीन-घर घेऊ शकत नाही. एनआरआयलासुद्धा शेतजमीन, फार्महाऊस विकत घेता येत नाही. परकीय चलनाचा फेमा कायदा आडवा येतो. भाडेपट्टा मात्र पाच वर्षांपर्यंत चालतो. बालीत बघा, तिथंही परदेशी माणसाला मालकी मिळत नाही, तरी लांब मुदतीच्या पट्ट्यांवर भातखाचरं जाऊन व्हिला उठले. तेव्हा कायदा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. व्हिसावाला भाडं देतो, ते भाडं बघून देशातला पैसेवाला जमीन घेतो. शेतकऱ्याला एकदाच पैसे मिळतात, त्यात ट्रॅक्टर आणि लग्न उरकतं.

आणि हे सगळं चाललंय कुठं, तर भीमगड अभयारण्याच्या शेजारी. तळेवाडीची माणसं जंगलातून बाहेर आणून वसवायची आणि जंगलाच्या काठावर वायफायवाल्या झोपड्या बांधायच्या.

रताळं
झरा असेल तर उत्तम!! आमच्यात जुलैला घरातनंच झरा जातो, घेताय काय?

तिसरं_गेट
रिझर्व्ह बँकेनं २०२३-२४ साठी काढलेल्या हिशेबात परदेशातून येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, कर्नाटकाचा ७.७ टक्के. आमच्या चुलतभावाचे डॉलर कुणाच्या खात्यात धरले?

संपादक मंडळ
तिसरं_गेट, शेवटचा इशारा. (७.७.)

सीए_हिंदवाडी
तिसरं_गेटनं गंमत केली, पण मुद्दा त्यात आहे. आपल्या जिल्ह्यात परदेशी पगार आणणारा खरा लाँग-स्टेवाला कोण? आपलीच पोरं. माझ्याकडं टिळकवाडी-हिंदवाडीतले वीसेक जण आहेत, अमेरिकेतल्या, जर्मनीतल्या कंपन्यांचं काम घरी बसून करतात. डॉलर इथं येतो, कर इथं भरतात, आई-वडिलांची औषधं इथं घेतात, आरपीडी क्रॉसला कॉफी पितात. सरकारची "बियाँड बेंगळुरू" योजना आहे, हुबळी-धारवाड-बेळगाव तिच्यात येतं. व्हिसाची वाट बघण्यापेक्षा ह्या पोरांना अखंड वीज आणि बसायला जागा मिळाली तरी पुष्कळ होईल.

म्हापशातला_खानापूरकर
सीएसाहेब, त्या पोरांमुळं टिळकवाडीत भाडं वाढलं नाही काय?

सीए_हिंदवाडी
वाढलं. पण बरीचशी स्वतःच्या किंवा वडिलांच्या घरात राहतात, म्हणून बाजारात तेवढा धक्का बसला नाही. तुमचा प्रश्न रास्त आहे.

पुणेरी_पाहुणा
बार्सिलोनानं बरोबर केलं. टुरिस्टांना दिलेल्या दहा हजारांवर फ्लॅट्सची लायसन्स नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवणार आहेत. आपणही करायला हवं.

दुबईरिटर्न_निपाणी
काय संपवणार? जांबोटीत लायसन आहे कुणाकडं?

लिस्बनची_सून
शिवाय ते रोजानं राहणाऱ्या टुरिस्टांचं आहे. वर्षभर राहणारा वेगळा. खरं तर एक धोका असा की टुरिस्टांवर बंदी आली की तेच मालक "मध्यम मुदत" म्हणून लॅपटॉपवाल्यांकडे वळतात, आणि घर इथल्या कुटुंबाला मिळायचं ते मिळतच नाही. स्पेनमध्ये २०२३ पासून नोमॅड व्हिसा आहेच.

जांबोटकर
मंडळी, पाच-सहा दिवस गावाकडं होतो, रेंज नव्हती (हा हा), आता सगळं एका बैठकीत वाचलं. सगळ्यांचे आभार.

काय ठरलं ते सांगतो. आमगावच्या पावसाचा हिशोब आईला वाचून दाखवला. तिनं १,३३० वर नुसतं "हं" केलं आणि म्हणाली, वहिनीला शिवणयंत्र मिळालं ना, मग झालं की. पुढं म्हणाली, दोन्ही खोल्या पाहुण्यांना द्यायच्या नाहीत. एक खोली शाळेच्या बाईंना विचारून बघ, त्यांच्या जांबोटीतल्या मालकानं पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवायचं म्हटलंय. बाई वर्षभर राहतील, पावसाळ्यातही. मी बाईंना विचारलं. त्या आजच्याच भाड्यात यायला तयार आहेत, फक्त एसटी-बसच्या थांब्यापासून आत चालत यायला लागतं म्हणून मुलाचा विचार करतायत.

दुसरी खोली पुतण्या करणार. परदेशी नकोतच, असं नाही. पण पहिल्या वर्षी देशातलेच, ओळखीतून, ऑक्टोबर ते मे. इन्व्हर्टर आधी. भाजी कडोलीची नाही, शेजारच्या परसातली. स्वैपाकाला शेजारच्या काकू, आणि त्यांचे पैसे पाहुण्यानं थेट त्यांच्याच हातात द्यायचे, आमच्यामार्फत नाही. ही अट आईची.

आईनं दोन प्रश्न विचारलेत, त्याची उत्तरं माझ्याकडं नाहीत. हे लोक अंघोळीला किती बादल्या पाणी घेतात? आणि रात्री अमेरिकेशी बोलतात तेव्हा मोठ्यानं बोलतात काय?

आमगावचा_पाऊस
चार बादल्या. आणि हो, मोठ्यानं. काकूंना सांगा, पहाटे तीनला "कॅन यू हिअर मी" ऐकू आलं तर घाबरायचं नाही.

नेहरूनगर_मावशी
आईंना नमस्कार सांगा. शाळेच्या बाईंना खोली दिलीत तर घरपट्टीची पावती त्यांना दाखवू नका, भाडं कमी करून मागतील 🙂

पहाटेचा_दलाल
कडोलीवर राग कशाला? लेट्यूस नको असेल तर कोबी पाठवतो की.

वडगावचा_माग
पडदे आणि चादरी लागतील ना दोन खोल्यांना? सुती, आमच्या मागावरच्या. व्यनि करतो.

जांबोटकर
वडगावचा_माग, जरूर. आधी कपाटं हलवायला चार माणसं मिळालीत तर बघा. सागवानी आहेत.

कुंदा_बिंदा
ते सगळं राहू दे. भाडं किती ठेवलंय?

जांबोटकर
महिना बारा हजार. लाईट-पाणी, वायफाय धरून.

कुंदा_बिंदा
चहा-नाष्टा?

जांबोटकर
वेगळा.

कुंदा_बिंदा
मग महाग आहे ओ.